बॉल धरणारी

बॉल धरायचं काम मी तीन वर्षं केलं. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मी कुणाला सांगत नाही. पण त्या वर्षांबद्दल लिहायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागेल. एक गुडघा जमिनीवर टेकवून बसायचं. दोन्ही टोकांना निमुळता असलेला तो तपकिरी बॉल एका टोकावर उभा करायचा, शिवणीची बाजू समोरच्या खांबांकडे वळवायची, बॉल किंचित आपल्याकडे कलता ठेवायचा आणि वरच्या टोकावर तर्जनी ठेवायची. दाबायची नाही, नुसती ठेवायची. मग धावत येणाऱ्या माणसाकडे न बघता बॉलखालच्या जमिनीकडे बघत राहायचं. बूट येतो, बॉल बोटाखालून निघून जातो आणि बोट हवेत तसंच राहतं. आधी उचललं तर बॉल कलंडतो. डोळे मिटायचे नाहीत. बुटाचा वारा मनगटाला लागतो. पहिले पंधरा दिवस त्या वाऱ्याची मला भीती वाटत होती, नंतर मी त्याची वाट बघायला लागले.

मारणारा माझा भाऊ आल्विन, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. जागा म्हणजे आखातातल्या दार्सैतमध्ये आमच्या बिल्डिंगमागची मोकळी जमीन, जिच्यावर बारीक खडी आणि धुळीशिवाय काही नव्हतं. एका टोकाला विजेचे दोन खांब होते आणि त्यांच्यामधून एक वायर गेलेली होती. खांबांच्या मधून आणि वायरच्या वरून बॉल गेला की गोल. चार वाजले की ऊन बिल्डिंगच्या मागे जायचं आणि आम्ही खाली उतरायचो. साडेसहाच्या सुमाराला देवळातली आरती सुरू व्हायची. घंटा ऐकू आली की आल्विन म्हणायचा, लास्ट फाइव्ह, आणि ते शेवटचे पाच नेहमी आठ-दहा व्हायचे.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. एसी फक्त हॉलमध्ये, खिडकीत बसवलेला, आणि तो इतका मोठ्याने घरघरायचा की बोलायचं तर आवाज चढवावा लागे. आमच्या घरातली माणसं भांडखोर नव्हती, पण शेजाऱ्यांना तसं वाटत असणार. मम्मी हॉस्पिटलात नर्स होती. तिचे पांढरे बूट बाल्कनीत उन्हात ठेवलेले असत आणि त्यावरून ती दिवसपाळीला आहे की रात्रपाळीला हे आम्हाला कळायचं. वसईहून कुणीही आलं की मामी त्याच्याबरोबर बॉटल मसाल्याचे दोन डबे आणि सुके बोंबील पाठवायची. बोंबील वर्तमानपत्राच्या इतक्या थरांत गुंडाळलेले असत की विमानात कुणाला वास येऊ नये, आणि तरीही यायचाच. मम्मी ते कांद्यात परतायची आणि आम्ही खुबूसबरोबर खायचो. खुबूस म्हणजे तिथली अरबी रोटी; शंभर पैशांत पिशवीभर मिळायची. वसईतल्या माझ्या मामेबहिणींना हे कसंसंच वाटायचं. मला अजूनही बोंबलांबरोबर भाकरीपेक्षा खुबूसच बरा लागतो.

रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारी ऐकायचो, कारण सुट्टी शुक्रवारी. रुवीच्या चर्चमध्ये मराठी माणसं मोजकी. बाहेर आल्यावर पप्पा प्रत्येकाशी हात मिळवून दोन वाक्यं बोलायचे. पप्पा एका तेल कंपनीच्या क्लबात स्टोअरकीपर होते. तिथे गोरे साहेब राहायचे, पोहायचे, टेनिस खेळायचे. पप्पांच्या ताब्यात टॉवेल, रॅकेट, खुर्च्या आणि सरबताच्या बाटल्या. ते साहेबांबद्दल कधी वाईट बोलले नाहीत आणि चांगलंही फारसं नाही. एवढंच म्हणायचे, "आपण दोन पावलं मागे राहावं. विचारल्याशिवाय बोलू नये. चूक झाली तर आधी सॉरी म्हणावं, मग कुणाची होती ते बघावं." हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलं गेलं की मला तो चर्चमधल्या धर्मशिक्षणाचा, कॅटेकिझमचाच एखादा धडा वाटायचा.

मिस्टर वेन त्या क्लबातले. उंच, थोडे लंगडत चालणारे, कंपनीत पंपांचं काम बघणारे. तरुणपणी ते अमेरिकेत प्लेसकिकर होते. कॉलेजात चार वर्षं, आणि मग पैसे घेऊन खेळणाऱ्या एका टीममध्ये एकच मोसम. पुढे गुडघा गेला. एकदा आल्विन पप्पांचा डबा द्यायला क्लबात गेला होता. हिरवळीवर पडलेला साधा फुटबॉल त्याने सहज म्हणून रग्बीच्या खांबांवरून पलीकडे मारला, आणि तो बॉल मिस्टर वेनच्या टेबलाजवळ जाऊन पडला. पप्पा सॉरी म्हणत धावत आले. मिस्टर वेननी विचारलं, हा मुलगा कोणाचा. पुढच्या आठवड्यात ते स्वतःची गाडी घेऊन दार्सैतला आले, तो लांबट बॉल घेऊन.

त्यांनी आम्हाला जे समजावलं ते असं. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक माणूस असतो, ज्याला धक्काबुक्की करायची नसते, धावायचं नसतं. तो सगळा वेळ बाजूला उभा असतो. मग त्याला बोलावतात, तो येतो, एकदा बॉल मारतो आणि परत जाऊन उभा राहतो. गेला तर सगळे पाठीवर थापा मारतात. चुकला तर कुणी जवळ बसत नाही. आल्विनला हे भलतंच आवडलं. त्याला गर्दीत खेळायला कधी आवडलंच नव्हतं. सगळे बघत असताना एकट्याने काहीतरी करायचं, हे त्याचं स्वप्न होतं.

पण बॉल धरायला कुणीतरी हवं. आल्विनचे मित्र एकेक करून बसले आणि एकेक करून उठले. बूट आला की सगळ्यांचे डोळे मिटायचे, बोटं मागे जायची. मी बाजूला एका सिमेंटच्या ठोकळ्यावर लायब्ररीचं पुस्तक घेऊन बसले होते. बारा वर्षांची असेन. मिस्टर वेननी माझ्याकडे बोट केलं. मी उठून गेले, कारण न जाण्यासाठी काहीतरी बोलावं लागलं असतं. आल्विनने मारला. त्यांनी खाली वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आल्विनला म्हणाले, "हिला जपून ठेव. हिचे डोळे मिटत नाहीत."

मी शाळेत कुणाशी बोलत नसे. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसत असे. मम्मीला त्याची काळजी वाटायची, आणि पप्पांना ते मुलीच्या जातीला शोभणारं वाटायचं. बॉल धरताना बोलावं लागत नव्हतं, ही माझ्या दृष्टीने त्या कामातली सगळ्यात मोठी सोय. आल्विन तीन पावलं मागे जायचा, दोन डावीकडे, मान खाली घालायचा. मी श्वास सोडायचे. तो श्वास दिसला की तो निघायचा. हे आम्ही ठरवलं नव्हतं, होत गेलं. आम्ही भावंडं आपसात इंग्रजीतच बोलायचो, भांडायचोही इंग्रजीतच. पण त्या तीन वर्षांत आमच्यात जे काही खरं बोलणं झालं ते त्या श्वासात झालं असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटतं का, हे मला सांगता येणार नाही.

त्याच काळात माझ्या मनात नर्स व्हायचं आलं. मम्मी कामावरून आली की तिच्या पायांना तेल चोळता चोळता मी तिला एकेक विचारायचे. शीर कशी सापडते, रडणाऱ्या मुलाला सुई कशी देतात. ती म्हणायची, "हात हलला नाही पाहिजे, बाय. बाकी सगळं शिकवता येतं." माझा हात हलत नाही हे मला माहीत होतं. एकदा तिला मी सांगितलं की बारावीनंतर मला मंगळूरला नर्सिंगला जायचं आहे. ती हसली, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "आधी दहावी तर हो. पप्पांना मी सांगेन वेळ आली की." मी पुन्हा विषय काढला नाही. आमच्या घरात एकदा सांगितलं म्हणजे सांगून झालं.

मी दहावीला असताना मिस्टर वेनची बदली ठरली. जाण्याआधी त्यांनी आल्विनची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्यांच्या जुन्या कॉलेजला किकर हवा होता. तिथला कोच त्यांच्या शब्दावर मुलगा घेईल, शिक्षणाचा खर्च कॉलेज करेल. पण उगीच शब्द टाकणार नाही, असं त्यांनी पप्पांना सरळ सांगितलं. क्लबच्या हिरवळीवर, पस्तीस यार्डांवरून दहा किक. आठ गेल्या तर पत्र लिहीन. आल्विन तेव्हा बारावी होऊन वर्षभर एका टायरच्या दुकानात बिलं फाडत होता. त्याला मार्क इतके कमी होते की दुसरं कुठलंच दार उघडणार नव्हतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

शुक्रवार होता. सकाळी मिस्सा झाली, मम्मीने आल्विनच्या कपाळावर क्रूस काढला. ती दुपारपाळीला गेली. पप्पा, आल्विन आणि मी टॅक्सीने क्लबात गेलो. पप्पांनी क्लबच्या सेक्रेटरीकडून व्हिडिओ कॅमेरा मागून घेतला होता, वसईला कॅसेट पाठवायची म्हणून. मी शाळेची पी.टी.ची पँट आणि आल्विनचा जुना टी-शर्ट घातला होता. हिरवळीला नुकतंच पाणी दिलेलं होतं. बसल्यावर माझा गुडघा ओला झाला आणि मला ते छान वाटलं. तीन वर्षं खडीने सोलून निघालेला गुडघा होता तो. त्या लांबट बॉलने आम्ही दोघंही गवतावर पहिल्यांदाच खेळत होतो. ओल्या गवतात साध्या कॅनव्हासच्या बुटांचं काय होतं, याचा विचार आम्हा तिघांपैकी कुणीच केला नव्हता. साहेब तिथे रोज खेळायचे, त्यांच्या बुटांना खाली खुंट्या असायच्या, त्या बुटांची पेटी पप्पांच्या स्टोअरमध्ये होती. मागायचं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी मागितले नसते.

नऊ किक झाल्या. सात गेल्या, दोन चुकल्या. दहावीला आल्विनने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मी श्वास सोडला. तो आला. मी जमिनीकडे बघत होते. त्याचा डावा पाय बॉलशेजारी पडला आणि पडताच चार बोटं पुढे सरकला, गवताची एक हिरवी रेघ काढत. मग बॉल गेला, खाली आणि उजवीकडे, खांबाच्या कितीतरी बाहेर. माझं बोट हवेत होतं.

मग आल्विन, जमिनीवर एक हात टेकलेला, मिस्टर वेनकडे बघून म्हणाला, "शी मूव्ह्ड इट." हिने हलवला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मिस्टर वेन आले, गवताकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग माझ्यासमोर खाली बसले. त्यांचा तो खराब गुडघा वाकवायला त्यांना त्रास होत असे. त्यांनी मला अगदी हळू विचारलं, "हलवलास का तू?"

मला उत्तर माहीत होतं. एका शब्दाचं होतं. मी ते द्यायला तोंड उघडलं आणि त्याआधी, तिथल्या शिस्तीप्रमाणे, मी पप्पांकडे बघितलं. ते कॅमेरा खाली करून दोन पावलं मागे उभे होते. ते म्हणाले, "सॉरी सर. शी इज स्मॉल, सर. सॉरी."

मी पंधरा वर्षांची होते, आल्विनच्या कानापर्यंत पोचत होते. मी तोंड मिटलं. परक्यासमोर पप्पांना खोटं पाडायचं, ही गोष्ट मला सुचलीसुद्धा नाही. ती सुचायला पुढे फार वर्षं लागली.

मिस्टर वेननी मला उठवलं आणि स्वतः माझ्या जागी बसले. आल्विनने बूट काढले आणि अनवाणी मारला. बॉल मधोमध गेला. पप्पांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या टॅक्सीत ते पुढे बसून टॅक्सीवाल्याला हिंदीत सांगत होते की ये मेरा बेटा अमरिका जाएगा, आणि टॅक्सीवाला इन्शाल्ला इन्शाल्ला म्हणत होता. आल्विन खिडकीतून बाहेर बघत होता. मी माझ्या बोटाकडे बघत होते.

नंतरचे काही महिने घरात आनंदाचे होते. पत्र गेलं, उत्तर आलं, व्हिसासाठी फोटो काढले गेले. मी त्या आनंदात होतेच, कुणी मला बाहेर ठेवलं नव्हतं. फक्त एक विनोद घरात येऊन राहिला. मी ताटं उचलली की मम्मी म्हणायची, "सांभाळ हो, बॉल समजून सोडशील." चर्चबाहेर पप्पा लोकांना आल्विनची गोष्ट सांगायचे. त्यात माझा भाग आला की ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आमच्या जेसीने तर बुडवलंच होतं त्याला." लोक हसायचे. मीही हसायचे. रागावणारी मुलगी लोकांना आणखी वाईट दिसते, हे मी तोवर शिकले होते. आणि सांगायला लाज वाटते, पण हळूहळू मलाच वाटायला लागलं की हललं असेल बोट. इतकी माणसं म्हणतात. मी रात्री उशीवर तर्जनी ठेवून बघायचे, थरथरते का.

दहावीचा निकाल लागला. चांगला होता. अकरावीचा फॉर्म भरायला पप्पा बसले आणि त्यांनी कॉमर्सपुढे खूण केली. मी म्हटलं, "सायन्स." एवढंच. ते हसून म्हणाले, "प्रॅक्टिकल असतात त्यात. काचेच्या नळ्या धरायच्या असतात. तुझा हात आपण बघितलाय." मम्मी तिथेच भाजी निवडत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती मेथीची पानं खुडत राहिली. मला वाटलं, ती म्हणाली होती ती वेळ अजून आली नसेल. फॉर्म गेला.

आल्विन ऑगस्टमध्ये गेला. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी मी घरी एकटी होते आणि मला त्याची आठवण आली. खरोखरच आली, हे मुद्दाम लिहून ठेवते. शोकेसमध्ये नाताळच्या आणि लग्नाच्या कॅसेटींशेजारी एक कॅसेट होती, वर पप्पांच्या अक्षरात 'आल्विन, क्लब'. ती कधी लावलेली मी बघितली नव्हती. त्याला बघायला मिळेल म्हणून मी ती लावली.

कॅमेरा बाजूने धरलेला होता, त्यामुळे मी समोरच दिसत होते. नऊ किक झाल्या. दहावी आली. आल्विन धावला, त्याचा पाय सरकला, बॉल गेला. मी रिमोटने मागे नेऊन पुन्हा लावली. चित्र थांबवून थांबवून बघितली. बोट हललं नव्हतं. बॉल गेल्यावरही ते हवेत तसंच होतं, एखाद्या पुतळ्याच्या बोटासारखं. आणि पाय सरकला त्याच क्षणी, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, पप्पांचा आवाज होता. मराठीत, स्वतःशीच बोलल्यासारखा: "अरे, पाय घसरला त्याचा." मग चित्र खाली गवताकडे गेलं. त्यावर आल्विनचं वाक्य. मिस्टर वेनचा प्रश्न. आणि पुन्हा तोच आवाज, इंग्रजीत. सॉरी सर.

मी टीव्ही बंद केला नाही. कॅसेट मागे नेऊन, नवव्या किकवर थांबवून ठेवली. साडेचारला मम्मी आली, पाचला पप्पा. पप्पांनी चपला काढल्या आणि मी बटण दाबलं.

त्यांनी ते उभ्यानेच बघितलं. एसी घरघरत होता. मग म्हणाले, "कुठे सापडली तुला?"

"शोकेसमध्येच होती."

"जुनं काय उकरतेस."

"तुमचा आवाज आहे, पप्पा. तुम्ही बघितलं होतं."

ते सोफ्यावर बसले. मम्मी ओले हात पदराला पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला विचारलं, "तू बघितली आहेस ही?"

"एकदा," ती म्हणाली. "तू ट्यूशनला गेली होतीस."

"आल्विनने?"

"तोही होता. बंद कर आता ते, बाय."

"ताटं उचलताना मला म्हणायचीस, बॉल समजून सोडशील. तुला माहीत असून?"

"अगं, गंमत होती ती."

पप्पांनी हात वर केला, स्टोअरमध्ये पोऱ्यांना गप्प करताना करत असतील तसा. ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मला एखादी साधी गोष्ट समजावून द्यावी तसे बोलत होते. "हे बघ जेसी. त्या दिवशी कुणीतरी चूक आपल्यावर घ्यायला हवी होती. त्याने घेतली असती तर तिथेच संपलं होतं सगळं. परत टायरच्या दुकानात. तुझ्यावर आली, तर तुझं काय गेलं? त्याला जायचं होतं. तुला कुठे जायचं होतं?"

"मंगळूरला," मी म्हटलं.

"काय?"

"नर्सिंगला. सायन्स हवं होतं त्याला."

पप्पांनी मम्मीकडे बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मम्मीने पदर सोडला, पुन्हा धरला. "बारावीनंतर बघू म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "दोघं एकदम बाहेर गेली असती तर घरी कोण राहिलं असतं?" आणि ती चहा टाकायला आत गेली.

त्या संध्याकाळी मी चहा प्यायले, अभ्यास केला, जेवले. मी काही बोलले नाही म्हणून सगळ्यांना वाटलं की विषय मिटला. ती कॅसेट पुढे कुठे गेली मला माहीत नाही. बॉलचा विनोद मात्र बंद झाला. त्याच्याऐवजी घरातले माझ्याशी जरा जपून बोलायला लागले, आणि ते मला विनोदापेक्षा जड गेलं.

आल्विनचं करिअर मी दुरून बघितलं. तिथल्या सगळ्याच गोष्टी आम्हाला दुरूनच कळायच्या. कॉलेजात त्याची चार वर्षं चांगली गेली. मग पैसे घेऊन खेळणाऱ्या टीम. त्या धंद्यात किकरला कुणी ठेवून घेत नाही. एका टीमने उन्हाळ्यात बोलावलं आणि मोसम सुरू व्हायच्या आत घरी पाठवलं. दुसरीने तीन आठवडे ठेवलं. मधल्या काळात तो एका गोदामात खोकी उचलत होता आणि रोज सकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानावर बॉल मारत होता, प्लास्टिकच्या एका स्टँडवर उभा करून. मग कुणाचा तरी पाय दुखावला, एका मंगळवारी फोन आला, आणि तो मोठ्या टीममध्ये गेला. तिथे तो तीन मोसम टिकला. त्या धंद्यात हे पुष्कळ, असं तो म्हणायचा. पप्पांनी त्याचा हेल्मेट घातलेला फोटो मोठा करून घेतला. रिटायर होऊन वसईला गेले तेव्हा तो हातात धरून नेला, सामानात टाकला नाही.

मी तोवर रुवीत एका टाइल्स आयात करणाऱ्या कंपनीत पत्रव्यवहार बघत होते. मम्मीची दोन वर्षं नोकरी राहिली होती. आम्ही दोघी शहराबाहेर, अल अमेरातला एका लहान फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो, कारण तिथे भाडं कमी. तिसऱ्या मोसमात, एका सोमवारी सकाळी, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी आल्विनची आदल्या दिवशीची मॅच शोधली. मी हे दर सोमवारी करत असे, आणि का करते हे स्वतःला विचारत नसे. चित्र अडखळत अडखळत यायचं. शेवटची किक होती. गेली असती तर मॅच जिंकली असती. पाऊस पडत होता. बॉल धरणारा एक आडदांड माणूस होता, त्याच्या हाताचा पंजा बॉलएवढा. आल्विन तीन पावलं मागे गेला, दोन डावीकडे. धावला. डावा पाय सरकला. बॉल उजवीकडे, बाहेर.

मग पत्रकार. दहा-बारा माईक त्याच्या तोंडासमोर. कुणीतरी विचारलं की होल्ड नीट नव्हता का, बॉल हलल्यासारखा दिसला. आल्विनने त्या माणसाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणाला, "होल्ड उत्तम होता. तो कधीच चुकत नाही. माझा पाय घसरला. हे माझ्यावर आहे." आणि तो सरळ कॅमेऱ्यात बघत होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, याला म्हणतात माणूस. आईबापांनी चांगलं वाढवलंय.

मला पुढे कळलं की त्या धंद्यात हा नियमच आहे, किकर धरणाऱ्याला दोष देत नाही, धरणारा चुकला तरी देत नाही. मिस्टर वेननी हे त्याला शिकवलं नसेल असं होणार नाही. गवतावरची ती रेघ त्यांनी बघितली होतीच; म्हणजे त्या शुक्रवारी हिरवळीवर काय झालं ते त्यांनाही दिसलं होतं, आणि त्यांनीही पत्र लिहिलं. त्या वयाच्या मुलाला दुसरी संधी द्यावी असं वाटलं असेल. माझं काय होईल हे त्यांना कसं कळणार?

आल्विन गुरुवारी फोन करायचा. त्या गुरुवारी मी उचलला. आवाज त्याचा नेहमीचा, थोडा अमेरिकन झालेला.

"बघितलंस?"

"बघितलं."

"वाईट घसरलो. जमीन चिखल झाली होती नुसती."

"दिसलं."

"पण नंतर मी जे बोललो ना, ते सगळ्यांना आवडलं, जेसी. म्हातारा कोच उठून आला, काही बोलला नाही, फक्त मान धरून हलवली माझी."

तो थांबला. मी काहीतरी चांगलं म्हणावं यासाठी थांबला होता.

"तू त्याला वाचवलंस," मी म्हटलं.

"वाचवायलाच हवं. त्याला दोन मुलं आहेत. लोकांनी फाडून खाल्लं असतं त्याला."

"हो."

"मग?"

"माझ्याबद्दल कधी सांगशील?"

‘कशाबद्दल?’ असं तो म्हणाला नाही. मी काय बोलते आहे असंही विचारलं नाही. मग तो म्हणाला, "मम्मी आहे का?"

"आहे."

"दे तिला."

मी फोन मम्मीकडे दिला. ती पलंगावर नीट बसली, पदर सारखा केला आणि तो समोर असल्यासारखी हसली. थंडी किती आहे, काय जेवतोस, गुडघ्याला तेल लावतोस का, सगळं विचारलं. मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्यावरची नजर न काढता त्याला म्हणाली, "नाही रे, काही नाही झालं तिला. बरी आहे ती. तू बोल."